घरी काय सांगून निघालात? : माजी महिला सरपंचांच्या दोन भेटींचं प्रकरण

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्यात २०१८ साली २७ महिला सरपंचांचं तीन दिवसांचं निवासी प्रशिक्षण झालं. मी तिथे शिकवायला होते. पाच वर्षांची मुदत संपल्यावर याच बायका दोनदा एकत्र जमल्या. पहिल्यांदा जानेवारी २०२३ मध्ये, एका मंगल कार्यालयात. दुसऱ्यांदा डिसेंबर २०२३ मध्ये, पंढरपूरच्या एका मठात. पहिली भेट फसली, दुसरी बरीचशी जमली. दोन्ही वेळा बायका त्याच, मी तीच आणि खर्चही जवळपास तेवढाच. फरक होता तो घरून निघताना सांगायच्या निमित्तात, आणि हे प्रकरण त्या निमित्ताचं आहे. गावांची आणि बायकांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. तालुक्यातले लोक ओळखायचं ते ओळखतीलच.

ही बॅच कुठली

ऑक्टोबर २०१७ मध्ये महाराष्ट्रात सरपंच पहिल्यांदा थेट लोकांतून निवडून आले. तोवर सदस्य आपल्यातल्याच एकाला सरपंच करत. पुढे २०२० मध्ये थेट निवड रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. आमच्या बायका त्या पहिल्या फेरीतल्या. गावाने मत दिलंय, चार सदस्यांच्या मेहरबानीवर मी बसलेली नाही, ही रग त्यांच्या बोलण्यात पहिल्या दिवसापासून होती.

बाई सरपंच होणं ही तशी नवलाईची गोष्ट नव्हती. बारामती तालुक्यातल्या निंबूतला १९६३ मध्येच सगळ्या बायकांचं पॅनेल निवडून आलं होतं. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला १९८९ मध्ये शेतकरी महिला आघाडीच्या जोरावर तेच घडलं. राज्याने बायकांना ३० टक्के जागा १९९० मध्ये दिल्या, पंचायतींना घटनेत स्थान देणारी ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि २०११ मध्ये महाराष्ट्रात हा वाटा निम्म्यावर गेला. खुर्चीवर बाई बसलेली पाहायची लोकांना सवय झाली आहे. खुर्चीवरून उतरलेल्या बाईचं काय करायचं, हे मात्र कुणालाच ठाऊक नाही. आरक्षण फिरतं. या वेळी महिलेसाठी असलेली जागा पुढच्या वेळी 'खुली' होते, आणि गावाच्या भाषेत खुली म्हणजे पुरुषांची. आमच्या २७ जणींपैकी एकीनेच डिसेंबर २०२२ मध्ये खुल्या जागेवर अर्ज भरला. ती पडली. "तुला कुणी सांगितलं होतं?" असं घरचेच म्हणाले.

माजी आमदाराला निवृत्तिवेतन असतं, माजी सैनिकांच्या संघटना असतात. माजी महिला सरपंचाच्या वाट्याला ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या फलकावरची एक ओळ येते. पांढऱ्या रंगात नाव आणि पुढे दोन तारखा. म्हणून मुदत संपल्यासंपल्या सगळ्यांना एकदा भेटवायचं, असं आम्ही ठरवलं. आम्ही म्हणजे मी, प्रशिक्षणातली माझी एक सहकारी आणि एक छोटी संस्था.

यादीतले फोन

माझ्याकडे २०१८ ची हजेरीची यादी होती. नाव, गाव, सही, मोबाइल. २७ नंबरांपैकी १९ नंबर बायकांचे नव्हतेच, हे फोन करायला बसल्यावर कळलं. नवऱ्याचे, दिराचे, मुलाचे, एक तर पुतण्याचा. पहिल्या दिवशीचा एक संवाद आजही कानात आहे.

"नमस्कार, सरपंचताईंशी बोलायचं होतं."

"बोला, सरपंचच बोलतोय."

"ताई आहेत का?"

"त्या रानात गेल्यात. काय काम होतं ते सांगा की. मी सांगतो त्यांना."

मुदत संपून महिना झाला होता. तरीही पलीकडचे 'सरपंच' ते पद सोडायला तयार नव्हते. बाईंचा कार्यकाळ संपला होता, साहेबांचा चालू होता.

शेवटी यादी बाजूला ठेवली. गावागावातल्या आशाताई आणि उमेदच्या, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या, सीआरपी ताईंना (गावात गटांचं काम बघणाऱ्या बायकांना) निरोप दिले. बचत गटाच्या हप्त्याच्या दिवशी त्या प्रत्येकीला प्रत्यक्ष भेटतातच. आठ दिवसांत २४ जणींपर्यंत निरोप पोहोचला. सरकारी यादीला जे जमलं नाही ते गटाच्या वहीने केलं. तेव्हाच मला शहाणपण यायला हवं होतं, पण मी पुढची चूक करण्यात गर्क होते.

निरोप पोहोचला तशी अडचणही आली. पदावर असताना बाहेर पडायला बायकांकडे पत्र असायचं. पंचायत समितीचा शिक्का, गटविकास अधिकाऱ्यांची सही, 'उपस्थित राहणे अनिवार्य' अशी ओळ. ते पत्र घरात दाखवलं की सासूसुद्धा डबा भरून द्यायची. आता पत्र नव्हतं. "मॅडम, काय सांगून निघायचं?" हा प्रश्न मला एका आठवड्यात निदान दहा जणींनी विचारला.

जानेवारी होता. संक्रांत ते रथसप्तमीच्या दिवसांत बाई कुठेही जायला निघाली तरी घरातून 'कुठं?' असं कुणी दरडावून विचारत नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं. मला ती युक्ती वाटली. मी पत्रिकेवर छापलं : 'माजी महिला सरपंच स्नेहमेळावा व हळदी-कुंकू'.

करंडा

त्या रविवारी मंगल कार्यालयात २३ जणी आल्या. बाहेर बऱ्याच मोटारसायकली आणि त्यांना टेकून उभे असलेले नवरे. व्यासपीठ होतं, फ्लेक्स होता. फ्लेक्सवर पाहुण्यांचे फोटो मोठे आणि ज्यांच्यासाठी मेळावा त्यांची नावं खाली बारीक अक्षरांत. पाहुणे पावणेदोन तास उशिरा आले. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगत, अध्यक्षीय. 'माझ्या काळातलं एक काम' सांगायला प्रत्येकीला तीन मिनिटं मिळणार होती. नऊ जणींचं झालं आणि पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं असल्याने माईक त्यांच्याकडे गेला. शेवटची एसटी सव्वापाचला. चार वाजताच बायका घड्याळाकडे बघू लागल्या.

हे सगळं कुठल्याही मेळाव्यात होतं, त्याचं मला फार वाटलं नाही. वाटलं ते पुढच्या दोन मिनिटांचं.

पाहुणे गेल्यावर संस्थेतली एक तरुण कार्यकर्ती करंडा घेऊन रांगेतून फिरू लागली. तिच्यामागे दुसरी मुलगी तिळगूळ आणि वाणाच्या स्टीलच्या वाट्या घेऊन. तिसऱ्या रांगेत भीमाकाठच्या गावच्या अक्का बसल्या होत्या. मुलीने करंडा पुढे केला. तिचं लक्ष अक्कांच्या कपाळाकडे आणि गळ्याकडे गेलं. हात क्षणभर अधांतरी राहिला आणि तिथून सरळ शेजारणीकडे वळला. मागच्या मुलीने वाटी मात्र दिली. अक्कांनी वाटी घेतली, पदराने पुसली आणि पिशवीत ठेवली.

हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडलं असतं तर तेही वाईटच होतं. अक्कांच्या बाबतीत त्याला आणखी एक अर्थ होता. त्यांचे मालक २०१९ मध्ये गेले तेव्हा अक्का सरपंच होत्या. बांगड्या फोडल्या गेल्या, कुंकू पुसलं गेलं, आणि पाठोपाठ १५ ऑगस्ट आला. झेंडावंदन सरपंचाने करायचं असतं. गावात कुजबुज झाली. अक्का पांढऱ्या साडीत गेल्या, दोरी ओढली, सलामी दिली. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ते परिपत्रक अक्कांनी माझ्याकडून मागून घेतलं. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती फक्त कागदावर होते. अक्कांनी ती देवळाच्या ओसरीवर खरोखर घेतली. दुसऱ्या दिवशी मोठ्या सभेत सूचक म्हणून उभं राहायला एकही पुरुष तयार होईना. तेव्हा पाणी सोडणाऱ्या शिपायाची म्हातारी आई काठी टेकत उठली. ठराव झाला. त्याचा मसुदा मी टाइप करून दिला होता.

मेळाव्यानंतर अक्कांना स्टँडवर सोडायला मीच गेले. गाडी लागलेली होती. पायरीवर पाय ठेवून त्या वळल्या. "मॅडम, त्या ठरावाचा नंबर ध्यानात आहे का तुमच्या? तुमीच टाइप केला होता न्हवं." आणि वर चढल्या.

मी हळदी-कुंकू हा घराबाहेर पडायचा परवाना म्हणून वापरला होता. आत आल्यावर त्याचा उपयोग नाही, आत आपण ग्रामपंचायतीबद्दल बोलू, असं माझं गणित होतं. पण निमित्त उंबऱ्याशी चप्पल काढून थांबत नाही, ते आत येऊन बसतं. हळदी-कुंकू म्हटल्यावर करंडा आला, करंडा आल्यावर कुणाला लावायचं आणि कुणाला नाही हे आलं. बायका नटून आल्या, म्हणून नवरे सोडायला आले. नवरे आले म्हणून माईकवर कुणी खरं बोललं नाही. त्या नऊ जणींनी सांगितलेली कामं मी नंतर लिहून काढली. सिमेंटचे रस्ते, हायमास्ट दिवे, पाण्याची टाकी. एकीनेही 'मला जमलं नाही' असं वाक्य उच्चारलं नव्हतं.

आमच्या बॅचमध्ये अक्कांसारख्या आणखी दोघी होत्या. त्या आल्याच नव्हत्या. का आल्या नसतील, हे मला पत्रिका छापताना सुचायला हवं होतं.

मधले दहा महिने

दुसऱ्यांदा भेटायचं हे बायकांनीच ठरवलं, मी फक्त हो म्हणाले. वहिनी म्हणून जिला सगळ्या हाक मारतात ती फोनवर म्हणाली, "ह्या वेळी रात्र पायजे. दिवसा नुसता सत्कार होतो."

रात्र हवी म्हणजे मुक्काम आला, आणि मुक्काम म्हणजे घरात भांडण. मी आधी सरकारी मार्ग धरला. कार्यालयात एक साहेब समजूतदार होते. त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं की पदावर असलेल्यांसाठी प्रशिक्षणाचा निधी असतो, माजींसाठी लेखाशीर्षच, म्हणजे खर्च टाकायचं खातंच, नाही, मग पत्र कशाच्या आधारावर काढू? त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं. बचत गटांच्या प्रभाग संघाच्या बैठकीला जोडून घ्यावं असंही मनात आलं, पण ती बैठक दुपारी संपते.

'पंढरपूर' ही कल्पना माईंची. माई बॅचमधल्या सगळ्यांत वयस्क. सरपंच झाल्या तेव्हा अंगठा उठवायच्या, प्रशिक्षणाच्या तीन दिवसांत सही शिकल्या आणि पुढची पाच वर्षं प्रत्येक कागदावर ती सावकाश, गिरवल्यासारखी करत राहिल्या. माई म्हणाल्या, "इठ्ठलाला जाती म्हनल्यावर कोन अडवतंय? रातचा मुक्काम बी आपसूक आला."

आमच्या भागातून पंढरपूर जवळ. कार्तिकी वारी उरकलेली, माघी लांब, म्हणजे गर्दी नाही. डिसेंबरात ज्वारीची खुरपणी झालेली असते आणि काढणीला अवकाश असतो. मठात माणशी थोडक्या पैशांत जागा मिळते. आणि मला, खरं सांगायचं तर, मनातून एक गोष्ट फार आवडली होती. पंढरपुरात कपाळाला बुक्का लावतात. बुक्का लावताना कुणी कुणाच्या गळ्याकडे बघत नाही. सुवासिनी असो, विधवा असो, पुरुष असो, सगळ्यांना तोच काळा टिळा. माझ्या करंड्याच्या चुकीवर उतारा मिळाला, असं मी सहकारीजवळ बोलूनही दाखवलं.

अटी बायकांनी ठरवल्या. पाहुणा नको, फ्लेक्स नको, सत्कार नको. पुरुष फक्त जीपचे ड्रायव्हर, आणि तेही मठाबाहेर. प्रत्येकीने ५०० रुपये काढायचे. कुणीही स्वयंपाक करायचा नाही, जेवण खानावळीतून येईल. शेवटची अट सोडून सगळ्या पाळल्या गेल्या. खानावळीचं जेवण आलं तेव्हा सतरंजीवर आधीच कडक भाकरी, शेंगाचटणी, धपाटे आणि दोन डबे शेंगापोळ्या मांडलेल्या होत्या.

मठातली रात्र

२२ जणी आल्या. जेवणं झाल्यावर दिवा बारीक केला, चादरी गुंडाळून बायका भिंतीला टेकल्या आणि पहिला तासभर सुना, गुडघे आणि भाव यांत गेला. मी वही उघडून बसले होते, ती मिटली. मग एकीने पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्याकडे न देता वहिनीकडे दिला.

ती लेखापरीक्षणाची नोटीस होती. तिच्या काळात उचललेल्या एका अग्रिमाचा, म्हणजे आगाऊ रकमेचा, हिशेब लागलेला नव्हता, रक्कम ४२ हजार, आणि वसुली तत्कालीन ग्रामसेवक व तत्कालीन सरपंच यांच्याकडून. पैसे कशाचे हे तिला आठवत नव्हतं. आठवायला तिने ते पाहिलेच नव्हते. वित्त आयोगाचे पैसे आता ऑनलाइन जातात. ग्रामसेवकाची एक डिजिटल सही आणि सरपंचाची एक, दोन्ही लागल्याशिवाय रुपया हलत नाही. सही म्हणजे पेनड्राइव्हसारखी एक वस्तू, तिला सगळे डोंगल म्हणतात. तिचा डोंगल पहिल्या महिन्यापासून नवऱ्याच्या खिशात होता आणि पिन संगणक परिचालकाला पाठ.

"मग किती जणींचा डोंगल स्वतःजवळ होता?" वहिनीने अंधारातच विचारलं.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग तिघींनी हात वर केले. पुढे एक चौथा हात अर्धा वर आला, "शेवटच्या वर्षी घेतला मी मागून," असं म्हणत.

२०१८ च्या प्रशिक्षणात आम्ही डोंगलवर एक तास शिकवलं होतं. भिंतीवर पडदा लावून, बाण काढून. 'तो कुणाच्या खिशात राहील?' हा प्रश्न आमच्या एकाही स्लाइडवर नव्हता.

त्या नोटिशीवर रात्री साडेअकरापर्यंत काम चाललं. दप्तर ग्रामपंचायतीत, बाईजवळ एकाही कागदाची प्रत नाही, त्यामुळे आधी माहिती अधिकाराचा अर्ज करायचा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, उत्तराला तीस दिवस. अर्जात काय मागायचं ते वहिनीने सांगितलं : त्या वर्षाचं रोकडवहीचं पान, प्रमाणक (खर्चाचं व्हाउचर), मासिक सभेच्या इतिवृत्ताची प्रत. एकीने दप्तराच्या वह्यांचे नमुना क्रमांक धडाधड सांगितले. प्रशिक्षणात ती मागच्या रांगेत झोपलेली असायची, असं मला आठवत होतं. अर्ज तिथेच लिहिला गेला, माझ्या वहीच्या फाडलेल्या पानावर. नोटीस आलेल्या बाईने शेवटी सही केली. तिच्या नवऱ्याला अजूनही ठाऊक नाही की तो अर्ज कुठे लिहिला गेला.

वहिनीचा शब्द चालतो त्याला कारण आहे. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही. ती पुरी होताच, डिसेंबर २०१९ मध्ये, तिच्या सदस्यांनी ठराव आणला आणि तीन-चतुर्थांश बहुमताने मंजूर करून घेतला. पण गावाने थेट निवडलेल्या सरपंचाला काढायचं तर ठराव ग्रामसभेपुढे जाऊन गुप्त मतदानात टिकावा लागतो. सभा सकाळी ठेवली होती. वहिनीला भीती अशी की पुरुष येतील, बायका येणार नाहीत. तिने अक्कांना फोन केला. अक्कांनी कायदा वगैरे काही सांगितला नाही. त्यांनी विचारलं, "तुज्या गावात नळाला पानी किती वाजता येतंय?"

पाणी येत होतं सकाळी नऊला. नेमकी सभेची वेळ. नळाला पाणी आलेलं असताना घागर सोडून कोण सभेला जाईल? वहिनीने आदल्या दिवशी शिपायाला सांगून त्या सकाळची पाळी साडेसहाला घ्यायला लावली. बायका पाणी भरून, पोरं शाळेत घालून सभेला आल्या. ठराव पडला.

ही हकीकत मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकली. वहिनीच्या बाबतीतला कागद मी २०१९ मध्ये पाहिला होता आणि ती कायद्याच्या कलमामुळे वाचली, असं इतर प्रशिक्षणांत उदाहरण म्हणून सांगतही आले होते. पाण्याच्या पाळीचा त्या कागदावर उल्लेख असायचं कारण नव्हतं. मंगल कार्यालयातल्या तीन मिनिटांत तिने हे सांगितलं असतं का? मला वाटत नाही. बाहेर मोटारसायकलला टेकून तिचा दीरही उभा होता, आणि अविश्वासाच्या अर्जावर पहिली सही त्याची होती.

बुक्का

पहाटे साडेतीनला गलका सुरू झाला. थंड पाण्याने अंघोळी, ओल्या साड्यांचे पिळे, एकमेकींच्या वेण्या. चंद्रभागेवर जाऊन रांगेला लागायचं होतं. मी सगळ्यांना मोजत होते, दोघी कमी भरल्या. त्यांतल्या एक अक्का. त्या आवरून दारात बसल्या होत्या. दुसऱ्या होत्या ताई.

ताई अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव जागेवरून निवडून आल्या होत्या. आता बँक सखी म्हणून, गावात बँकेचे व्यवहार करून द्यायचं, काम करतात. त्या कोपऱ्यात अंथरुणाची घडी घालून कालच्या अर्जाची दुसरी प्रत स्वच्छ अक्षरात उतरवून काढत होत्या. मी म्हटलं, "ताई, चला ना, गर्दी नाही आज."

"तुम्ही या जाऊन. मी सामानापाशी थांबते."

ताई बौद्ध आहेत, हे मला माहीत होतं. २०१८ पासून माहीत होतं. तरी मी बोलत राहिले, आणि जे बोलले ते आठवलं की अजून ओशाळायला होतं. मी त्यांना सांगितलं की साने गुरुजींनी १९४७ मध्ये याच गावात दहा दिवसांचं उपोषण केलं आणि हे देऊळ सगळ्यांना उघडं झालं.

ताईंनी पेन खाली ठेवलं नाही. "देऊळ उघडलं ते ४७ ला मॅडम. आम्ही ५६ ला बाहेर पडलो."

रागाचा सूर नव्हता. तारीख चुकली तर दुरुस्त करावी, तसं.

मग त्यांनी जे सांगितलं त्याने माझा बुक्क्याचा उतारा उतरवून ठेवला. पंढरपूर म्हटल्यावर बॅचमधल्या दुसऱ्या बौद्ध बाई आल्याच नाहीत. त्यांच्या मुलाने विचारलं, "आई, तू कधीपासून पंढरीला जायला लागलीस?" आणि तिच्याकडे उत्तर नव्हतं. सगळ्या चालतील असं निमित्त सापडलं म्हणून मी खूश होते, तेव्हा ते 'सगळ्या' मीच मोजले होते.

"आणि तुम्ही काय सांगून निघालात?" मी विचारलं.

"काय सांगायचं? माझ्या बॅचच्या बायका भेटणार आहेत, रात्रभर राहणार आहे, असं सांगितलं."

"मग?"

"मग काय. मिस्टर दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी विचारलं, पैसे आहेत का जवळ."

अक्का दारातून सगळं ऐकत होत्या. बाकीच्या निघाल्या तशा त्या उठल्या, बाहेर गेल्या आणि पाचेक मिनिटांत दोन चहा घेऊन परत आल्या. "मी मागनं जाईन," म्हणाल्या. "इठ्ठल कुठं पळून चाललाय?" त्या आणि ताई बोलत बसल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही, कारण मी दर्शनाच्या रांगेत होते.

वही

या प्रकरणातून पद्धत काढायची म्हटली तर मला दोन-तीन गोष्टी नक्की सांगता येतील. मुक्काम हवा. व्यासपीठ नको. बाईचा निरोप बाईच्या हातून जावा. पण निमित्ताचं कोडं मला सुटलेलं नाही. ताईंसारखं सरळ सांगणं हे उत्तम, आणि २७ जणींपैकी किती जणींना ते परवडेल हे मी सांगू शकत नाही. अबोला दोन दिवसांत संपतो ते घर वेगळं. आमच्यातल्या एकीला पंढरपूरहून परतल्यावर प्रसादाचा पुडा सासूपुढे ठेवायला लागला, आणि सासूने तो उघडून बघितला. तिच्यासाठी माईंची युक्ती हीच खरी होती.

बॅचचा व्हॉट्सॲप गट तिथेच तयार झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना अपात्र ठरवणारा आदेश रद्द करून त्यांना पद परत दिलं, तेव्हा ती बातमी मी टाकायच्या आधी गटावर आलेली होती. खाली अक्कांचा आवाजातला निरोप : "त्यांच्या गावात पानी किती वाजता येतंय ते इचारा." ४२ हजारांच्या नोटिशीचं म्हणाल तर कागद मिळाले, प्रमाणकावर सही डिजिटल आहे आणि तिचीच आहे. प्रकरण चालू आहे.

पण गटात १६च जणी आहेत. निघायच्या आधी मठाच्या ओसरीवर मी कोरी वही फिरवली होती. प्रत्येकीने आपलं नाव आणि स्वतःचा नंबर स्वतःच्या हाताने लिहायचा. काहींनी थांबून आठवलं, काहींनी फोन काढून कुणाकडून तरी स्वतःचा नंबर वाचून घेतला, चौघींनी मुलींचे लिहिले. वही माईंकडे आली. त्यांनी नाव लिहिलं, त्याच सावकाश सहीने. नंबरच्या रकान्यात पेन टेकवलं आणि मान वर केली.

"फोन न्हाई माज्याकडं. घरच्या नंबरावर लावाल तर थोरला उचलतो, आन मग समदं त्यालाच कळतंय."

"मग तुम्हाला निरोप कसा द्यायचा, माई?"

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "लिवा. बुधवारचा बाजार. लसणाच्या पाटीपाशी. दहा ते दोन."